केरसुणी कोणाच्या हाती?

परदेशी जाऊन आलेल्या मराठी माणसाने परत आल्यावर एक लेख लिहिलाच पाहिजे, असा काही कायदा झालेला नाही. तरी तो झाला आहे अशा समजुतीने आपण वागतो. दिवाळी अंक उघडावा, तो त्यात कोणी ना कोणी नुकताच विमानातून उतरलेला असतो. त्याने पाहिलेला देश कोणताही असो, त्याला दिसलेल्या गोष्टी ठरलेल्या असतात. रस्त्यावर कागदाचा कपटा नव्हता; कोणी थुंकत नव्हते; रांग मोडत नव्हते; गाडी घड्याळाच्या काट्यावर आली. यानंतर एक दीर्घ सुस्कारा, आणि सुस्काऱ्याच्या शेवटी "नाहीतर आपल्याकडे!" देश जपान असला तर हा सुस्कारा अर्ध्या पानाने लांबतो.

याच्या उलट दुसरा एक पंथ आहे. त्यालाही स्वच्छ रस्ते दिसतात, पण त्या रस्त्यांवर त्याला माया दिसत नाही. शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, म्हातारी माणसे एकटी राहतात, पाहुणा कळवल्यावाचून येत नाही, सारे कसे यंत्रासारखे. आमचे रस्ते घाणेरडे असतील, पण आमची मने... पुढचे वाक्य वाचकांना पाठ आहे. पहिल्या पंथाची मान खाली जाते, दुसऱ्याची छाती वर येते. माझे भांडण दोघांशी सारखेच आहे. दोघेही स्वच्छतेला स्वभाव समजतात. जपानी माणूस जन्मतःच नेटका आणि आपण जन्मतःच गबाळे, हे एकदा धरून चालले की पुढे करण्यासारखे काही उरत नाही. लाज वाटून घ्यावी किंवा अभिमान बाळगावा. दोन्ही गोष्टी बसल्या जागी करता येतात आणि दोन्हींत हात मळत नाहीत.

वास्तविक आपली प्रवासवर्णनाची परंपरा इतकी कोती नव्हती. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेच्या लोकस्थितीवर पुस्तक लिहिले. त्या देशाची त्यांनी मनापासून स्तुती केली. परंतु त्याच पुस्तकात तिथल्या काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना कशी वागणूक मिळते, तेही लिहिले. रमाबाई आपल्याबरोबर एक प्रश्न घेऊन गेल्या होत्या. आपण हल्ली कॅमेरा घेऊन जातो.

यंदा मे महिन्यात तीन आठवडे मी तोक्योत होते. माझा भाचा तिथे नोकरीला आहे. शहराच्या पूर्वेला एडोगावा नावाचा वॉर्ड आहे, आणि त्यातल्या निशि-कासाई या भागात आपल्याकडच्या संगणक-अभियंत्यांनी मोठी वस्ती केली आहे. स्टेशनाबाहेर मराठी ऐकू येते. याच वॉर्डाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले, यावरून काय ते समजावे.

भाच्याच्या घरी केराच्या तीन-चार पिशव्या असतात. जळणारा केर निराळा, न जळणारा निराळा, बाटल्या आणि डबे निराळे. प्लॅस्टिकच्या बाटलीचे टोपण काढायचे, कागद सोलायचा, बाटली विसळायची, मगच ती टाकायची. प्रत्येक प्रकाराचा वार ठरलेला. सकाळी आठाच्या आत पिशवी कोपऱ्यावर नेऊन ठेवायची आणि तिच्यावर जाळी ओढायची. कारण कावळे तिथलेही आपल्या कावळ्यांसारखेच आहेत, त्यांच्यावर जपानी संस्कृतीचा काही परिणाम झालेला दिसला नाही. केर चुकीचा निवडला असला तर गाडीवाला पिशवीवर चिठ्ठी चिकटवतो आणि पिशवी तिथेच ठेवून जातो. मग ती पिशवी दिवसभर आल्यागेल्याला तुमचे घर दाखवीत बसते.

भाचा हे सारे न चुकता करतो. हाच भाचा रजेवर पुण्याला आला की केळीची साल, दाढीचे पाते आणि औषधाची फुटकी बाटली एकाच बादलीत टाकतो आणि बादली दाराबाहेर सरकवतो. सकाळी केर न्यायला येणारी बाई ती सारी घाण आपल्या हाताने निवडते. ओला आणि सुका केर घरातच वेगळा करावा असा नियम २०१६ सालापासून आपल्याकडेही आहे. पण नियम पाळणारे हात घराबाहेर उभे आहेत अशी आपली खात्री असते. आता मला सांगा, आठ-नऊ तासांच्या विमानप्रवासात माझ्या भाच्याचे रक्त बदलते काय? तोक्योत त्याचा केर उचलायला त्याच्याहून खालचे असे कोणी नाही, आणि पुण्यात आहे. एवढाच फरक आहे, आणि तो स्वभावाचा खचित नव्हे.

जपान्यांच्या रक्तात स्वच्छता आहे म्हणणाऱ्यांनी निशि-कासाईहून आराकावा नदी ओलांडून थोडे पलीकडे जावे. तिथे युमेनोशिमा म्हणून एक जागा आहे. नावाचा अर्थ 'स्वप्नांचे बेट'. आज तिथे बाग आहे, काचेच्या मोठ्या घरात उष्ण प्रदेशातली झाडे आहेत. हे बेट तोक्योच्या केराने भरलेले आहे. १९६४ साली ऑलिंपिकचे सामने आले, त्यासाठी मोहीम काढून शहर झाडले गेले. आणि दुसऱ्याच वर्षीच्या उन्हाळ्यात या बेटावरून माश्यांचे थवे लोकवस्तीत घुसले. शेवटी बेटावर तेल ओतून आग लावावी लागली. १९७१ साली तोक्योचे गव्हर्नर मिनोबे यांनी 'कचरायुद्ध' जाहीर केले. सुगिनामी हा खाऊनपिऊन सुखी लोकांचा भाग; आपला केर जाळण्याची भट्टी आपल्या हद्दीत नको असे तिथले लोक म्हणत होते. तेव्हा कोतो वॉर्डाच्या लोकांनी सुगिनामीच्या केराच्या गाड्या अडवल्या. तुमची घाण आमच्या दारी का, एवढाच त्यांचा सवाल होता. ज्या निवडक पिशव्यांचे फोटो आपले प्रवासी काढतात, त्यांच्या मागे हे भांडण आहे. आणि घराच्या उंबऱ्याशी बूट काढणाऱ्या याच देशात एका कारखान्याने मिनामाताच्या समुद्रात पारा सोडला. त्यापासून होणारा रोग १९५६ साली उघडकीस आला. तो कारखान्यामुळेच होतो हे कबूल करायला सरकारला १९६८ साल उजाडले. घराची फरशी लखलखीत ठेवणे आणि घाण दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमतात. आपल्याला तर हे कोणी सांगायला नको.

मग फरक कुठे आहे? मला तो शाळेत दिसला.

भाच्याची मुलगी तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीत आहे. पालकांनी शाळा पाहायला यावे असा एक दिवस होता. भाचेसुनेबरोबर मीही गेले. वीस-पंचवीस वर्षे खडूची धूळ खाल्लेल्या बाईला दुसऱ्याची शाळा पाहण्यात जो रस असतो, तो क्योतोची देवळे पाहण्यात नसतो. जेवण मुलांनीच वाढले; डोक्याला पांढऱ्या टोप्या बांधून, पळीने मोजून. शाळेतल्या जेवणाचा कायदा तिथे १९५४ सालचा आहे. जेवण झाल्यावर ध्वनिक्षेपकावर एक गाणे लागले आणि सारी शाळा हलली. खुर्च्या उलट्या करून बाकांवर चढल्या, बाके एका बाजूला सरकली. काही मुलांनी लांब दांड्याचे झाडू घेतले, काहींनी फडकी पिळली, आणि चारसहा जण ओणवे होऊन, दोन्ही हात फडक्यावर दाबून, वरांड्यातून शर्यत लावल्यासारखे धावू लागले. ही फडकी जुन्या टॉवेलांना टीप घालून घरून आणायची असतात. या पंधरावीस मिनिटांना तिथे 'सोजी' म्हणतात. आमची नात जिन्याच्या पायऱ्या पुसत होती. तिच्या तुकडीतला एक मुलगा झाडूला टेकून खुशाल गप्पा मारीत उभा होता. त्याला पाहून माझ्या जिवात जीव आला. आळशी मुले तिथेही आहेत. त्याला कोणी रागावले नाही. एका मुलीने केरभरणे आणून त्याच्या हातात दिले, आणि तो निमूटपणे केर भरू लागला. बाई स्वतः फळ्याखालची फळी पुसत होत्या.

शाळेत झाडायला माणूसच नसतो, असा एक समज आपले प्रवासी पसरवतात. तो बरोबर नाही. मोडतोड, झाडांची छाटणी, उंचावरची कामे यांना माणूस असतो. परंतु वर्गातला केर हा वर्गाचा असतो, आणि तो काढणे ही शिक्षा नसते.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले. आपल्या शाळांतून झाडलोट कधी करवून घेतात ते आठवून पाहा. उशिरा आलेल्याने मैदान झाडावे. गृहपाठ न केलेल्याने वर्ग झाडावा. जे काम आपण मुलाला शिक्षा म्हणून देतो, ते काम जन्मभर करणाऱ्या माणसाविषयी ते मूल काय शिकत असेल? या माणसाने काहीतरी गुन्हा केला असला पाहिजे, असेच ना? आपल्या धर्मशास्त्रात त्या गुन्ह्याला नावही आहे: पूर्वजन्मीचे पाप.

जपानच्या नीटनेटकेपणाचे मूळ झेन पंथात आहे, असे सांगणारे विद्वान आहेत. असेलही. पण शब्दांची श्रीमंती आपल्याकडे काय कमी आहे? योगसूत्रांतल्या नियमांत शौच हा पहिला आहे. आपल्याला सोवळे माहीत आहे. अडचण इथेच आहे. सोवळे म्हणजे घाणीपासून दूर राहणे. सोजी म्हणजे घाणीला हात लावणे. जो घाणीपासून जितका लांब तितका शुद्ध, असे एकदा ठरले की घाण काढणारा सर्वांत अशुद्ध ठरतो, आणि घाण त्याच्यापाशी पोचवणे हेच बाकीच्यांचे शौच होऊन बसते.

आणि जपान यातून सुटला आहे असे कोणी समजू नये. चामड्याचे आणि जनावरे कापण्याचे काम करणाऱ्यांना तिथेही शतकानुशतके वेगळे वसवले होते. १८७१ साली फर्मान काढून तो भेद कागदावरून पुसला. तो मनातून पुसला गेला नाही म्हणून १९२२ साली त्या लोकांना क्योतोत स्वतःची संघटना उभारावी लागली, आणि २०१६ साली पुन्हा एक कायदा करावा लागला. १९७५ साली तर त्यांच्या वस्त्यांच्या नावांच्या याद्या कंपन्यांना चोरून विकल्या जात असल्याचे उघडकीस आले. नोकरी देताना उमेदवाराचे गाव तपासायला. शिमाझाकी तोसोन यांची १९०६ सालची 'हाकाई' ही कादंबरी याच दुःखाची आहे. तिचा नायक शाळामास्तर आहे. जात लपवून शिकवतो. ती वाचताना आपल्याकडचे कितीतरी मास्तर मला आठवले. तेव्हा जपानी माणसाचे मन आपल्याहून थोर आहे, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे इतकेच की त्यांनी झाडू हे एक हत्यार त्या जुन्या भेदातून सोडवून घेतले आणि साऱ्या पोरांच्या हातात दिले. घरात मात्र तिथेही ते बहुतेक बाईच्याच हातात राहिले. शाळेत फडके घेऊन धावणारा मुलगा तिशीला आल्यावर आपला पेला विसळतो काय, असे मी एका शेजारणीला विचारले. ती तोंडावर हात धरून हसली. भाषांतराची गरज पडली नाही.

आता आपल्या केरसुणीकडे वळते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून, तिला हळदकुंकू वाहून आपण तिची लक्ष्मी म्हणून पूजा करतो. तिला पाय लागला तर नमस्कार करतो. ही केरसुणी शिंदीच्या पात्यांची. ती वळणारे हात पिढ्यान्‌पिढ्या मातंगांचे. ज्यांनी ती वळली त्यांना आपण ओसरीच्या खाली उभे केले, ती मात्र देवघरात नेली. वस्तूची पूजा करावी आणि माणसाला हात लावू नये, ही युक्ती आपल्याला फार चांगली साधलेली आहे.

माणूसच थोर निघाला तर आपण त्याचीही पूजा करून मोकळे होतो. सेनापती बापटांनी पारनेरचे रस्ते झाडले, शौचकूप साफ केले. गाडगेबाबांनी दिवसा गाव झाडले आणि रात्री कीर्तनातून गावाची मने झाडली. आपण काय केले? २००० साली गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छतेची स्पर्धा सुरू झाली. तिने पुष्कळ गावांत चांगले काम झाले, हे मी नाकारीत नाही. पण बक्षिसाची समिती येऊन गेल्यावर त्या गावांत खराटा कोणाच्या हातात गेला, याची नोंद कोणी ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. झाडणाऱ्या संताच्या पाया पडणे सोपे आहे. पाया पडताना दोन्ही हात गुंतलेले असतात.

अप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट तर शाळेच्या पुस्तकांत असायला हवी. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी भंगीकाम मागितले. ते नाकारले गेले, कारण तुरुंगातली कामे जातीवर वाटलेली होती आणि हे ब्राह्मण. अप्पांनी त्यासाठी उपवास केला, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांना साथ दिली. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रम काढून हा तत्त्वज्ञानाचा पदवीधर संडासाचे नमुने तयार करीत बसला. आता पुढचे ऐका. तुरुंगातली कामे जातीवर वाटू नयेत, ते घटनेच्या विरुद्ध आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. अप्पांच्या उपवासाला तोवर जवळजवळ ९२ वर्षे झाली होती. हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्धचा कायदा १९९३ चा. तो पुरला नाही म्हणून २०१३ चा दुसरा. गटारात उतरून मरणाऱ्याच्या घरच्यांना १० लाख रुपये द्यावेत असे न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ते ३० लाख केले. रक्कम वाढवावी लागली, यातच काय ते आले.

म्हणून "आपल्याकडेही जपानसारखे मुलांना झाडायला लावावे" असे जेव्हा एखादा प्रवासी सुस्काऱ्यानंतर सुचवतो, तेव्हा मला त्याचा राग येतो. त्याला वाटते झाडू म्हणजे झाडू. आपल्या शाळांतून मुलांना झाडायला लावीतच होते की! फक्त कोणाला लावीत, ते विचारा. ओमप्रकाश वाल्मीकींनी 'जूठन' या आत्मकथेत लिहिले आहे की हेडमास्तरांनी त्यांना वर्गाबाहेर काढून सारी शाळा आणि मैदान झाडायला लावले, कारण त्यांची जात झाडणाऱ्यांची. बाकीची मुले आत शिकत होती. ही सोजी नव्हे.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी माझ्या सातवीच्या वर्गात पाळ्या लावल्या. रोज पंधरा मिनिटे, पाच-पाच जणांची तुकडी, यादीत पहिले नाव माझे. आठवड्याच्या आत तीन पालक आले. दोघांचे म्हणणे अपेक्षित होते: "बाई, आम्ही पोराला शिकायला पाठवतो, झाडायला नाही." त्यांना मी विचारले की तुमच्या मुलाने केलेला केर काढायला कोणाच्या मुलाने यावे? त्यावर एकजण म्हणाला, "त्यासाठी माणसं आहेत की." हेच माझे म्हणणे, त्यासाठी आपल्याकडे माणसे आहेत.

तिसरे गृहस्थ नगरपालिकेत सफाई कामगार आहेत. ते बाकीचे दोघे जाईपर्यंत दाराशी थांबले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमचं चुकतंय असं नाही म्हणत मी. पण झाडू म्हटला की साऱ्यांचं बोट आमच्या पोराकडं जातं. तो शाळेत आला तो ह्याच्यातून सुटायला." थोडे थांबून त्यांनी एक अट घातली: "आधी दोन महिने त्याचं नाव घालू नका. बाकीच्यांची पोरं झाडताना त्याला एकदा बघू द्या."

गेल्या कित्येक वर्षांत शिक्षणशास्त्रावरची इतकी शहाणी सूचना मी ऐकलेली नाही. समान वागणूक म्हणजे सर्वांना एकाच रेषेवर उभे करणे, असे आपण मुलांना नागरिकशास्त्रात शिकवतो. पण ज्याच्या आजोबा-पणजोबांनी सगळ्यांच्या वाटचे झाडून ठेवले आहे, त्याची पाळी शेवटी येणे हाच हिशेब बरोबर. मी त्याचे नाव काढले. मुलांनी कारण विचारले तेव्हा घरी पणजोबा काय काम करीत, हे प्रत्येकाने विचारून यावे असे सांगितले. दुसऱ्या दिवशी कारण कोणी विचारले नाही.

बाकी वर्गाचे म्हणाल तर मुलांना झाडू धरताच येत नव्हता. ती केर पुढे ढकलण्याऐवजी उडवीत होती. मुली बऱ्या झाडत, कारण घरी त्यांनाच हे करावे लागते. तेव्हा "बाई, मुलींनाच देऊ या, त्यांना छान जमतं" असा ठराव मुलांनी एकमताने पुढे आणला. तो मी फेटाळला आणि पंधरा दिवस पाळ्या फक्त मुलांच्या ठेवल्या. ऑगस्टअखेर फरशी स्वच्छ निघू लागली. सप्टेंबरमध्ये एक गोष्ट घडली ती सांगण्यासारखी आहे: वर्गात शेंगांची टरफले टाकणाऱ्या एका मुलावर दुसरा मुलगा धावून गेला, कारण दुसऱ्या दिवशी पाळी त्याची होती. यात देशभक्ती नव्हती, झेनही नव्हते.

दोन महिन्यांची मुदत केव्हाच संपली. त्या मुलाचे नाव मी अजून यादीत घातलेले नाही; ते त्याने किंवा त्याच्या वडिलांनी सांगायचे आहे. दरम्यान पहिल्या दोन पालकांनी आणखी अकरा सह्या गोळा करून अर्ज दिला आहे. वर्गाची झाडलोट शिपायाकडून करून घ्यावी, मुलांचा वेळ अभ्यासात जावा, अशी त्यांची मागणी आहे. शिपायाची जात अर्जात लिहिलेली नाही, पण ती सह्या करणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. शाळा व्यवस्थापन समितीची सभा दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे, आणि त्या अर्जाला उत्तर द्यायला मला बोलावले आहे.